आल्प्सच्या पायथ्याच्या बागा दोनशे वर्षं एकाच घरात राहतात, आमच्या संत्र्याचे तुकडे का होतात?

घाटावरचा | शेंदुरजनाघाट, ता. वरुड

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबचा वाटेल, पण दुखणं घरचं आहे.

आमची सातपुड्याच्या पायथ्याशी १४ एकर संत्रा आहे. आजोबांनी लावलेली, जंबेरीच्या खुंटावरची. त्यांच्या पश्चात बाबा आणि दोन काका यांच्यात तोंडी वाटणी झाली, सातबारा मात्र एकच राहिला. आता आमच्या पिढीत चुलत-सख्खे मिळून आम्ही सहा जण. लहान काकांचं म्हणणं, मोजणी आणा, दगड लावा आणि ज्याचा त्याचा सातबारा वेगळा करा. ऐकायला सोपं आहे. पण विहीर मधल्या तुकड्यात, बोअर वरच्या धुऱ्यावर (बांधावर), आणि आमच्याकडे पाणी किती खोल गेलंय ते वरुड-मोर्शीकडच्यांना सांगायला नको. मधल्या काकांची बरीच झाडं डिंक्यानं, म्हणजे खोडातून डिंक गळायच्या रोगानं गेली, त्यांना त्या जागी सोयाबीन पेरायचं आहे. बाबा आंबिया बहार धरतात, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीची फुलं, लहान काकांना मृग बहाराचा, पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलांचा मोह सुटत नाही. पाइप एकच. एकाची बाग ताणावर (फुलं यावीत म्हणून पाणी तोडलेली) असते तेव्हाच दुसऱ्याला ओलीत पाहिजे असतं. रोज सकाळी कॉकपाशी वाद.

परवा मोबाइलवर एक व्हिडिओ पाहिला. इटलीच्या उत्तरेला साउथ टिरोल नावाचा भाग आहे, तिथलं वाइनचं एक घराणं. १८२३ पासूनचं, सहावी पिढी. मागे डोंगर, उतारावर द्राक्षाच्या ओळी, मधे दगडी घर. मला वाइनशी घेणंदेणं नाही, आमच्या घरात माळकरी आहेत. पण पाहता पाहता डोक्यात आलं, सहा पिढ्यांत यांच्याकडे भाऊ जन्मलेच नाहीत काय? जन्मले असतील तर बाग एकसंध राहिली कशी? वाइनमध्ये एवढा पैसा आहे की सगळ्यांचं पोट भरून उरतं? आणि जाता जाता, आपल्या सातपुड्याच्या पायथ्याशी असली द्राक्षं होतील का? हा शेवटचा प्रश्न मी गमतीत विचारतोय, पहिले दोन नाही.

---

वर्धेकर_गप्पी

भाऊ, आमच्या जिल्ह्यात दारूबंदी हाये, मी इथं फक्त पाणी प्यायले आलो.

पन तुमचे काका बरोबर बोलून रायले. सहा जनाईचा एक सातबारा म्हनजे पीककर्जाले सहा सह्या. आमचा एक भाऊ पुन्याले असते. तो सहीले येईपर्यंत तुरीले शेंगा धरते. कायले जीवाले घोर लावून घेता, तुकडे करा अन् मोकळे व्हा बाप्पा.

---

मशीनवाला_अंजनगाव

घाटावरचे भाऊ, तुम्ही व्हिडिओत पाहिलं त्या भागात माझं कामानिमित्त राहणं झालंय. मी फळं निवडायच्या मशीनचा, म्हणजे ग्रेडिंग लाइनचा माणूस. तिकडे सफरचंदाची मोठमोठी पॅकहाऊस आहेत, मशीन शिकायला कंपनीने पाठवलं होतं. हॉटेल परवडेना म्हणून एका शेतकऱ्याच्या घरी वरच्या मजल्यावर खोली घेतली. खाली तळघरात वाइनची पिंपं, मागे उतारावर द्राक्षं, समोर नदीकाठच्या सपाटीत सफरचंद. घराचं नाव लिहीत नाही, तशी परवानगी मी घेतलेली नाही.

तुमचं १८२३ वालं घर बहुतेक लागेडर असावं. ते मूळचे शेतकरी नव्हेतच. योहान लागेडर तिथल्या बोल्झानो शहरात गाड्यांची चाकं करायचा, त्याने वाइनचा व्यापार सुरू केला आणि जमीन पुढच्या पिढ्यांनी जमवली. आता ते माग्रे नावाच्या गावात आहेत. त्याच गावात एका घराच्या भिंतीवर १६०१ सालची वेल आहे. अजून द्राक्षं देते. पाहुण्यांना दाखवायला ही मोठी नावं ठीक, पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर लहान घरांत आहे. तिथे द्राक्षाचं एकूण क्षेत्र साडेपाच हजार हेक्टरच्या थोडं वर आणि बागायतदार पाच हजारांच्या आसपास. भागाकार करा. एका घरामागे सरासरी हेक्टरभर, म्हणजे आपले अडीच एकर! तुमचे १४ एकर तिकडच्या द्राक्षवाल्याला सांगितले तर तो तुम्हाला मालगुजार समजेल.

भाऊ जन्मले नाहीत काय, तर जन्मले, भरपूर. मी राहत होतो त्या घरच्या म्हाताऱ्यालाच चार भावंडं. पण तिथं 'बंद वाडी' म्हणता येईल अशी एक सोय आहे. घर, गोठा, बाग, कुरण, जंगलातला हिस्सा हे सगळं मिळून एक खातं. ते खातं फुटत नाही. वारस कितीही असोत, वाडी एकाच्याच नावावर जाते. त्यातला एक तुकडा विकायचा किंवा वेगळा काढायचा म्हटलं तरी गावपातळीवर एक समिती असते, तिची परवानगी लागते. वाडी केवढी असावी याचं माप नुसतं एकर-गुंठ्यांत नाही. किमान चार माणसांचा नीट निर्वाह होईल एवढं तिचं उत्पन्न पाहिजे, असं कायदा म्हणतो. आपला तुकडेबंदी कायदा १९४७ चा, त्याचं माप क्षेत्राचं. २०२३ पासून बागायतीला किमान १० गुंठे आणि जिरायतीला किमान २० गुंठे. दहा गुंठ्यांत संत्र्याची किती झाडं बसतात आणि त्यावर किती माणसं जगतात, हिशेब तुम्हीच करा.

ही रीत जुनी, ऑस्ट्रियाच्या राजवटीतली. १९०० साली टिरोलमध्ये तिचा पक्का कायदा झाला. पहिल्या महायुद्धानंतर हा मुलूख इटलीकडे गेला आणि १९२९ मध्ये इटलीने तो कायदा मोडीत काढला. मधली वर्षं बऱ्याच घरांनी ती रीत आपली आपण पाळली, आणि १९५४ मध्ये प्रांताने नवा कायदा करून ती परत आणली.

बाकीच्या भावंडांना काय मिळतं, हे मीही पहिल्याच आठवड्यात विचारलं. त्यांना पैसे मिळतात. पण जमिनीच्या बाजारभावाने नाही, वाडीच्या उत्पन्नावरून काढलेल्या किमतीने. यात खरी मेख आहे. तिकडे बागेची किंमत हेक्टरी लाखो युरोंत जाते. त्या दराने भावंडांना पैसे द्यायचे म्हटले तर वाडी घेणाऱ्याला वाडीच विकावी लागेल. उत्पन्नाच्या हिशेबाने ती रक्कम काही वर्षांच्या कष्टात फिटते. आणि एखाद्याने स्वस्तात वाडी घेऊन पुढे चढ्या भावाने विकून टाकली तर? दहा वर्षांच्या आत विकली तर वरच्या पैशांत भावंडांचा हिस्सा परत उघडतो. ही पाचर कोणी मारून ठेवली देव जाणे, पण ज्याने मारली त्याच्या घरी भाऊ नक्की असणार.

म्हाताऱ्याचा धाकटा भाऊ बोल्झानोत सिटी बसवर ड्रायव्हर होता, आता निवृत्त. रविवारी जेवायला यायचा, आणि सप्टेंबरमध्ये तोडणी सुरू झाली की रोज. त्याला मी म्हाताऱ्याच्या नातीमार्फत विचारलं, वाईट नाही वाटत का? तो म्हणाला, वाटतं. आणि पुन्हा घड कापायला लागला. एवढंच. मोठं काही बोलला असता तर मला बरं वाटलं असतं, इथं लिहायला तरी झालं असतं.

आता वाइनमधल्या पैशाचं. त्या घरची बहुतेक द्राक्षं घरच्या पिंपात जातच नव्हती. घरापुरती आणि पाहुण्यांपुरती ठेवून बाकी सगळी गावच्या सहकारी वाइनघरात. त्या मुलखात जेवढी वाइन होते तिच्यातली सुमारे सत्तर टक्के अशा सहकारी संस्थांची असते. पहिल्या संस्था आंद्रियान आणि टेर्लान या गावांतल्या, १८९३ सालच्या. नियम कडक आहेत. सभासदाने सगळा माल संस्थेलाच द्यायचा. भाव वाढला म्हणून चार क्रेट बाहेरच्या व्यापाऱ्याला दिले, असं चालत नाही. गाडी दारात आली की साखर मोजतात, घड पाहतात, त्यावर दर. पैसे हप्त्याहप्त्याने वर्षभर येतात.

संस्थेचा माणूस बागेत येऊन काय करायचं तेही सांगून जातो. ऐन उन्हाळ्यात म्हातारा मांडवाखाली उभा राहून चांगले भरलेले हिरवे घड कापून खाली टाकत होता. निळं ॲप्रन, तिकडचे शेतकरी ते घातल्याशिवाय घराबाहेर पडत नाहीत, त्याच्या खिशात कात्री आणि बांधायला वाळुंजाच्या ओल्या काड्या. आमच्या अंजनगावच्या पानमळ्यात वेल लव्हाळ्याने बांधतात, गाठ जवळपास तीच. घड पायाशी पडत होते आणि माझा जीव खालीवर. वेलीवर ओझं कमी ठेवलं तर उरलेल्या घडात साखर आणि रंग नीट येतो, हेक्टरी किती माल घ्यायचा याचीही हद्द ठरलेली असते. म्हातारा नातीला म्हणाला, या माणसाला सांग, माझ्या आईने पाहिलं असतं तर तिने मला याच मांडवाला टांगलं असतं.

कारण त्याच्या आईच्या काळी उलटं होतं. तेव्हा सगळीकडे शियावा नावाची लाल द्राक्षं, आपल्या नाशिकसारख्या मांडवावर, जेवढा माल निघेल तेवढा काढायचा आणि स्वस्त वाइन पिंपांनी बाहेर पाठवायची. पुढे ती कोणी विचारेना. मग लोकांनी हळूहळू शियावा काढला, पांढऱ्या जाती लावल्या, बरेच मांडव मोडून तारेवर ओळी केल्या. आज तिथली साठ टक्क्यांवर वाइन पांढरी असते. म्हणजे त्या घरांनी शंभर वर्षांत राज्य बदललेलं पाहिलं, बाजार गेलेला पाहिला, वेलीच्या मुळांना लागणाऱ्या किडीपायी सगळी बाग उपटून अमेरिकन खुंटावर कलमं बांधली. सगळं बदललं, तुकडा तेवढा पडू दिला नाही.

आणि पोट फक्त द्राक्षावर भरत नाही. सफरचंद आहे, माझ्यासारखे भाडेकरू आहेत. शरद ऋतूत खालच्या ओसरीत बाकं टाकून नवी वाइन आणि भाजलेले चेस्टनट खाऊ घालतात, गावोगावचे लोक चालत येतात. मुलगा आठवडाभर पॅकहाऊसमध्ये नोकरी करायचा. आमची ओळख तिथलीच.

---

परतवाड्याची_लेक

मशीनवाले दादा, सगळं वाचलं. छान लिहिलंय, पण मला ते बसवाले काकाच दिसत राहिले.

एकाने वाडी घ्यायची आणि बाकीच्यांनी समजून घ्यायचं, हे आपल्याकडे नवीन नाही. आपल्याकडे ते बहिणी करत आल्या आहेत. दिवाळीला बोलावतात, साडीचोळी करतात, आणि दुसऱ्या दिवशी दुय्यम निबंधकाकडे हक्कसोडपत्र. २००५ च्या दुरुस्तीने मुलीला मुलाइतकाच हक्क दिला, तेव्हापासून तर साड्या जरा भारी मिळायला लागल्या. माझ्या माहेरी हेच झालं. मी सही केली. बाग वाचली म्हणून केली, असं मला सांगण्यात आलं. दोन वर्षांत त्या बागेचे माझ्या दोन भावांत दोन तुकडे झाले.

म्हणून घाटावरचे दादा, तुम्हाला एक विचारते. सहा जण म्हणालात, त्यात बहिणी आहेत की नाहीत? बाबांचं मत लिहिलंत, दोन्ही काकांचं लिहिलंत. बहिणींना कोणी विचारलं का?

---

निफाडवासी_अकोलेकर

गमतीतल्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे. मूळ अकोट तालुक्यातला, आता निफाडकडे द्राक्षबागांना सल्ला देतो.

वेल लावली तर लागेल. द्राक्षाची वेल चिवट असते, सातपुड्याखालीही उभी राहील. प्रश्न वाइनजोग्या मालाचा आहे. आल्प्समध्ये थंडीत वेल झोपते. पानं गळतात, काडी वाळल्यासारखी दिसते, मार्च-एप्रिलमध्ये डोळे फुटतात आणि सप्टेंबर-ऑक्टोबरला तोडणी. वर्षाला एक छाटणी, एक पीक. आपल्याकडे वेल झोपतच नाही, म्हणून आपण छाटून तिला वळण लावतो. एप्रिलमध्ये खरड छाटणी, काडी तयार करायला. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, फळाला. डोळे एकसारखे फुटावेत म्हणून वर रसायनाचा हात फिरवावा लागतो. दोन छाटण्या आणि माल एकदाच, खर्च तिथेच वाढतो.

विदर्भात अडचण खरडीनंतर येते. मे महिन्यात आपल्याकडे पारा पंचेचाळीसच्या पुढे, कोवळी फूट करपते. नाशिक समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास आहे, तिथे निभावतं. पुढे पावसाळा आणि भारी काळी जमीन. पाणी मुळाशी तुंबलं की वेल बसते, आणि पानांवर केवडा नावाचा बुरशीचा रोग येतो तो वेगळाच. रात्री थंड असल्या तर द्राक्षातलं आम्ल टिकतं. आल्प्सवाले इथं जिंकतात. बोल्झानो शहर उन्हाळ्यात दिवसा चांगलंच तापतं, पण रात्री डोंगरावरची हवा खाली उतरते. आपल्याकडे फेब्रुवारीनंतर रात्रीचीही गरमी वाढत जाते, साखर चढते आणि आम्ल पळतं. अशा द्राक्षाची वाइन चपटी लागते. त्यात आपली फेब्रुवारी-मार्चची गारपीट. २०१४ ची कोणी विसरलं नसेल.

हौस असेल तर चिखलदऱ्याकडे उंचावर चार वेली लावून पाहा. तिथे कॉफी होते, हवा वेगळी आहे. पण धंदा म्हणून संत्रा उपटून द्राक्ष लावायचा विचार कोणी करत असेल तर माझ्याकडे फी न देता सल्ला घ्या, सल्ला एका शब्दाचा आहे. करू नका.

डिंक्याबद्दल मात्र गंभीरपणे सांगतो. बुरशी जमिनीतून आणि पाण्यातून फिरते. एका काकांच्या तुकड्यात आहे म्हणजे बाकीच्यांच्या दारात आहे. मोकाट पाणी झाडाच्या बुडाला लागू देऊ नका, डबल आळं करा किंवा ठिबक. डिंक खरवडून पावसाळ्याआधी आणि नंतर बोर्डो पेस्ट, एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी, खोडाला तीन फुटांपर्यंत. हे १४ एकरांत एकदम केलं तर उपयोग. एकाने केलं आणि धुऱ्यापलीकडच्याने नाही केलं तर पैसा पाण्यात.

---

मशीनवाला_अंजनगाव

ताई, तुमचं म्हणणं त्या मुलखालाही लागू आहे. पूर्वी तिथे वाडी न मिळालेले भाऊ-बहीण कितीतरी वेळा त्याच घरात आयुष्यभर राबत, लग्नाविना. आपल्या भाषेत भावाच्या घरचे सालदार. म्हाताऱ्याच्या घरात जुना फोटो होता, मागच्या रांगेत दोन बायका डोक्याला रुमाल बांधून. त्या कोण, विचारलं तर आत्या, एवढंच उत्तर. कायद्यातही मुलगा आधी, मुलगी नंतर, असं बराच काळ होतं. २००१ मध्ये प्रांताने नवा कायदा केला तेव्हा तो भेद गेला. आता वाडीवर वाढलेला आणि तिथे काम केलेला वारस आधी, मग तो मुलगा असो की मुलगी. माझी दुभाषी झालेली ती नात सान मिकेलेच्या कृषिशाळेत शिकत होती, १८७४ ची शाळा आहे. पुढे वाडी तिच्याकडे जायची होती, तिच्या भावालाही बापासारखी पॅकहाऊसची नोकरीच बरी वाटते.

वर्धेकर भाऊ, तुकडे करून मोकळं व्हा म्हणता, तर आमच्याकडे या. आजोबांचा पानमळा चार वाफ्यांवर आला. मळ्याला सावली पाहिजे, भोवती शेवरीची दाट ताटी पाहिजे, उन्हाळ्यात थोडं थोडं पण रोज पाणी पाहिजे. चार जणांनी चार ताट्या बांधल्या, मधे वारा शिरायला तीन गल्ल्या झाल्या. दोघांनी वेल काढून हरभरा केला. उरलेल्या दोघांत एक मी, आणि माझं पोट मशीनवर आहे.

घाटावरचे भाऊ, बंद वाडीचा कायदा आपल्याकडे नाही आणि येणारही नाही, त्याची वाट पाहू नका. पण त्या घराने दोन गोष्टी वेगवेगळ्या ठेवल्या होत्या, तेवढं घेण्यासारखं आहे. मालकी कोणाची हा एक हिशेब. बाग कोण करतो, पाणी कधी, माल कुठे जातो हा दुसरा. आपल्याकडे सातबारा वेगळा झाला की दुसरा हिशेबही आपोआप मोडतो. का मोडावा? माल एकत्र करून विकायचं आपल्यालाही नवीन नाही. नोगाचा जॅम सगळ्यांनी खाल्लाय. ते नाव नागपूरच्या संत्रा बागायतदारांच्या संघटनेचं, पुढे ते कृषी उद्योग महामंडळाकडे गेलं.

---

वर्धेकर_गप्पी

मले वाटलं मी गंमत केली, तं इथं माह्यावर पानमळाच आणून टाकला.

पन एक इचारतो. तिकडं सभासदानं बाहेर माल देल्ला तं काय करते? आमच्याकडं संस्था काढली तं पयल्या वर्षी सारे येते. व्यापाऱ्यानं बागेत येऊन हातावर बयाना ठेवला की दुसऱ्या वर्षी अध्यक्ष बी बाहेर इकते.

---

मशीनवाला_अंजनगाव

दंड होतो, सभासदत्व जाऊ शकतं. पण बयाना घेऊन व्यापारी तिथं फारसा फिरतच नाही. वाइनची द्राक्षं कापल्यावर काही तासांत गाळायला नेलेली बरी, आणि गाळायची यंत्रणा संस्थेकडे आहे. कापलेला माल घेऊन शेतकरी जाणार कुठे? संत्रा झाडावर महिनाभर थांबतो, म्हणून आपल्याकडे व्यापाऱ्याला बागेत शिरायला वेळ मिळतो. नुसत्या इमानदारीवर तिकडेही कोणी संस्था चालवत नाही.

---

घाटावरचा

सगळ्यांचे आभार. ताई, तुमचा प्रश्न वाचून तोंड मिटलं. सहात दोघी बहिणी आहेत. एक नागपूरला, एक अचलपूरला. दोघींना काल फोन केला. मोठी म्हणाली, मला जमीन नको, पण हक्कसोडही करणार नाही, विहिरीत माझा हिस्सा लिहिलेला पाहिजे. धाकटी म्हणाली, तुम्ही चौघे भाऊ ज्या दिवशी एका जागी बसाल त्या दिवशी मला बोलवा, तोवर कोणत्याही कागदावर माझी सही धरू नका. लहान काकांना हे सांगितलं तर ते म्हणाले, पोरींना तू फोन केलाच कायले.

आज सकाळी बाबा आणि मधले काका निफाडच्या दादांची पोस्ट वाचून बसले होते. बोर्डो पेस्ट सगळ्या १४ एकरांत लावायचा, खर्च झाडांच्या संख्येवर वाटायचा, एवढ्यावर दोघे आले आहेत. मृगाचं अजून ठरत नाही.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. आम्ही सहा जणांनी मिळून शेतकरी उत्पादक कंपनी काढली तर चालेल का? आणि जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदाराकडे वाटप केलं तर विहिरीचं काय करतात?

---

निफाडवासी_अकोलेकर

उत्पादक कंपनीला किमान दहा शेतकरी लागतात, सहात होत नाही. शेजारच्या धुऱ्यावरचे चार जण घ्या. ज्यांचा माल त्याच व्यापाऱ्याला जातो त्यांना आधी विचारा, आणि पेस्टच्या कामापासूनच विचारा, कंपनीपासून नको. फवारणी एकत्र जमली नाही त्यांची कंपनी जमलेली मी पाहिली नाही.

वाटपात विहिरीचे हिस्से सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवून घ्या, किती हिस्सा ते आकड्यात. पाइपलाइन ज्याच्या तुकड्यातून जाते त्याच्याकडून तसं लिहून घ्या, आणि दुरुस्तीला आत शिरायची वाट कोणती तेही लिहा. तोंडी ठेवू नका. मोटरचं वीज कनेक्शन कोणाच्या नावावर आहे ते आजच पाहून घ्या. आजोबांच्याच नावावर असेल तर ते बदलायला सगळ्या वारसांचं संमतिपत्र लागेल, आणि काका चिडलेले असताना ते मागायला जाऊ नका.